मुलासाठी घरच्या घरी तुणतुणे

पोवाड्यात डफाच्या आणि गोंधळात संबळाच्या जोडीने वाजणारे तुणतुणे एकाच तारेचे असते. ती तार षड्ज, म्हणजे गाण्याचा आधारस्वर ‘सा’, धरून ठेवते आणि त्याच वेळी लयही सांभाळते. बोटे बसवण्याची कसरत नसल्यामुळे सहा-सात वर्षांच्या मुलाला ते पहिल्या दिवसापासून वाजवता येते, आणि नीट बनवले तर ते खेळणे न राहता त्याच्या गळ्याशी जुळलेले खरे वाद्य होते.

परंपरेने याचे भांडे लाकूड कोरून केलेले असते. घरी सुमारे १० सेंमी व्यासाचा आणि १५ सेंमी उंचीचा पत्र्याचा डबा चालतो. त्याची दोन्ही तोंडे मोकळी करावीत, मात्र काठाची जाड कड शाबूत ठेवावी, कारण कातड्याची दोरी त्या कडेच्या खालीच अडकून राहते. धारदार भाग कानशीने घासून वर कापडी चिकटपट्टी लावावी.

सर्वांत जास्त वेळ कातड्याला द्यावा, कारण या वाद्याचा आवाज तारेपेक्षाही कातड्यातून येतो. ढोलकी-तबला दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे शेळीच्या पातळ कातड्याचा तुकडा मिळतो. तो डब्याच्या तोंडापेक्षा चारही बाजूंनी ४-५ सेंमी मोठा कापून, पूर्ण मऊ होईपर्यंत पाण्यात भिजवावा, डब्याच्या खालच्या तोंडावर पसरावा, कडेखाली मजबूत दोऱ्याचे सात-आठ घट्ट वेढे द्यावेत आणि समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने ओढत सगळ्या सुरकुत्या काढाव्यात. त्यानंतर सावलीत किमान एक पूर्ण दिवस वाळू द्यावे. उन्हात ठेवल्यास ते असमान आक्रसते आणि काठाशी चिरते.

दांड्यासाठी अडीच सेंमी जाडीची, ६५ सेंमी लांबीची वाळलेली बांबूची काठी घ्यावी. ती डब्याला बाहेरून उभी लावून दोन नटबोल्टांनी आवळावी. नुसता पत्रा ताणाखाली वाकतो, म्हणून डब्याच्या आत लाकडी पट्टी ठेवून बोल्ट तिच्यातून न्यावेत. वरच्या टोकाजवळ, बांबूच्या गाठीला लागून, खुंटीसाठी आरपार भोक पाडावे. गाठीपाशी बांबू सहसा फाटत नाही. खुंटी टणक लाकडाची आणि किंचित निमुळती असावी. ती सरकू लागली तर तिला खडूची पूड चोळावी.

तार म्हणून गिटारची सर्वांत बारीक, ०.२५ मिमी जाडीची पोलादी तार उत्तम, कारण तिच्या एका टोकाला लहान पितळी कडी आधीच बसवलेली असते. कातड्याच्या मध्यभागी सुईने भोक पाडून तार बाहेरून आत घ्यावी, परंतु कडी आणि कातडे यांच्यामध्ये जाड चामड्याची चकती किंवा शर्टाचे मोठे बटण अवश्य ठेवावे. मुलीसाठी केलेल्या पहिल्या तुणतुण्यात मी ही चकती विसरलो होतो आणि तार पिळताच दोन दिवस वाळवलेले कातडे मधोमध फाटले. तार डब्यातून वर काढून, काठाला कोठेही घासत नाही याची खात्री करून, खुंटीभोवती तीन-चार वेढे द्यावेत.

आता मुलाला एखादे आवडते गाणे सहज म्हणायला सांगावे आणि त्याचा षड्ज पेटीवर शोधावा. कातड्यापासून खुंटीपर्यंत ५० सेंमी अंतर असेल, तर ही तार काळी पाचला (पेटीच्या सप्तकातील पाचव्या काळ्या पट्टीच्या स्वराला) सुमारे २ किलो ताणावर लागते आणि तेवढा ताण हे कातडे सुखाने सोसते. मूल याहून बरेच वर गात असेल, तर तार पिळत बसू नये. त्याच लांबीवर स्वर दुप्पट उंच करायला ताण चौपट लागतो, त्यामुळे खुंटी खाली आणून तार आखूड करणेच योग्य. नवे कातडे आठवडाभर सैलावत राहते, म्हणून रोज थोडे जुळवावे लागेल. हे काम मोठ्यांनी, तारेपासून चेहरा दूर ठेवून करावे. उरलेले टोक कापून आत वळवावे.

तार छेडायला बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा, गुळगुळीत घासलेला लाकडाचा तुकडा द्यावा. पावसाळ्यात कातडे ओल धरून उतरते; तेव्हा वाद्य कोरड्या कपाटात टांगावे, आणि वाजवण्याआधी कातडे तळहाताने हलके चोळून त्याला ऊब द्यावी.