रायफलीचा बार उडाला नाही तर या चुका टाळा

चाप ओढला, खट्ट झालं आणि बार निघालाच नाही, की बहुतेकांचा हात आपसूक बोल्टच्या (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा) मुठीकडे जातो. सगळ्यात धोक्याची चूक हीच. प्रायमर (काडतुसाच्या बुडातली, ठोक्याने पेटणारी टोपी) कधीकधी उशिरा पेटतो. ठोका बसल्यावर क्षणभर काहीच होत नाही आणि मग बार उडतो. नेमक्या त्या वेळी बोल्ट उघडा असला तर काडतूस चेंबरबाहेर (चेंबर म्हणजे नळीतली काडतुसाची जागा) फुटतं आणि पितळेचे तुकडे थेट डोळ्यांत जाऊ शकतात. म्हणून रायफल होती तशीच धरा, नळी मातीच्या बांधाकडे असू द्या, बोट चापावरून काढा आणि मनात साठपर्यंत आकडे मोजा. समोर रानडुक्कर उभं असलं तरी मोजा. मग चेहरा बोल्टच्या मागून आणि काडतूस बाहेर पडतं त्या बाजूकडून दूर घेऊन सावकाश बोल्ट उघडा.

खट्ट न होता बारीक ‘फुस्स’ असा आवाज आला आणि खांद्याला धक्का नेहमीसारखा बसला नाही, तर प्रकरण आणखी गंभीर आहे. दारू पुरती पेटलेली नाही आणि गोळी नळीतच अडकलेली असू शकते. अशा वेळी दुसरं काडतूस चढवून बार टाकला तर नळी फाटू शकते. मॅगझिन रिकामं करा, बोल्ट काढा आणि मागच्या बाजूने नळीत उजेड दिसतो का ते बघा. दिसला नाही तर रायफल तशीच परवानाधारक गनस्मिथकडे न्या. घरच्या घरी सळई ठोकून गोळी काढायला जाऊ नका.

पुढचं सगळं मुख्यतः .३१५ बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप) रायफलीबद्दल आहे. .३०३ हा निषिद्ध, म्हणजे सर्वसामान्यांना परवाना न मिळणारा बोअर असल्यामुळे आपल्याकडे परवान्यावर मोठी रायफल म्हटली की बहुधा बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५च डोळ्यांसमोर येते. तिचा बोल्ट ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या धाटणीचा आणि काडतूस बुडाला रिम (बाहेर आलेली कड) असलेलं. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद झाली. आता ही हत्यारं शेतराखणीसाठी, स्वसंरक्षणासाठी किंवा रेंजवर वापरण्यापुरती उरली आहेत, आणि पिकात घुसलेल्या डुकरावर बार टाकायचा तरी वनखात्याची लेखी परवानगी लागते. थोडक्यात, रायफल महिनोन्‌महिने कपाटात पडून असते. बार न उडण्याच्या बहुतेक तक्रारी या पडून राहण्यातूनच येतात.

न उडालेलं काडतूस फेकू नका

रागाने काडतूस भिरकावून दिलं की पुरावाच गेला. ते पुसून उजेडात धरा आणि बुडाचा प्रायमर बघा.

त्यावर खूणच नसेल तर फायरिंग पिन (प्रायमरवर ठोका मारणारी बोल्टमधली सुई) पोचलेलीच नाही. खोलगट, स्वच्छ, मधोमध खड्डा असेल तर रायफलीने आपलं काम केलं आहे, दोष काडतुसात आहे. खड्डा उथळ असेल तर ठोका कमी पडला. तेच काडतूस दुसऱ्या ठोक्याला उडालं, तर एक तर ठोका कमजोर होता, नाहीतर प्रायमर खोबणीत पुरता बसलेला नव्हता आणि पहिल्या ठोक्याने तो फक्त आत सरकला. बिन-उडालेली दोन-तीन काडतुसं शेजारी ठेवून पाहिलीत तर गनस्मिथकडे जाण्याआधीच अर्धं उत्तर मिळतं.

उथळ ठोका आणि तेलाचा अतिरेक

उथळ ठोका दिसला की लोक बोल्टमध्ये आणखी तेल ओततात. खोबरेल, शिलाई मशीनचं तेल, हाताला लागेल ते. खरं तर तेलामुळेच ठोका मंदावलेला असतो. बोल्टच्या पोकळीत वर्षानुवर्षांचं तेल धुळीत कालवून चिकट राळ होते आणि स्प्रिंगला पिन वेगाने पुढे फेकता येत नाही. थंडीत, विशेषतः पहाटे, ही राळ आणखी घट्ट होते. त्यामुळे दुपारी चालणारी रायफल पहाटे दगा देते.

उपाय साधा आहे. रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट बाहेर काढा, रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या टर्पेंटाइनमध्ये बुडवून चांगला खळखळवा, काळं पाणी यायचं थांबेपर्यंत. निथळून, उन्हात पूर्ण वाळवून मग तेलाचा एखादाच थेंब द्या. पिन सोडवायच्या फंदात पडू नका. ती कॉकिंग पीसमध्ये (बोल्टच्या मागच्या टोकाचा तुकडा) आट्यांनी बसवलेली असते. ती एखाददुसरा आटा कमी-जास्त फिरली तरी पिन किती बाहेर येते ते बदलतं: कमी आली तर बार उडत नाही, जास्त आली तर प्रायमर फुटून गॅस मागे येतो.

बोल्ट स्वच्छ करूनही खड्डा उथळच राहिला तर मेन स्प्रिंग थकलेली असणार. ती ताणून लांब करणं किंवा मागे वॉशर घालणं हे दोन्ही उपाय मी सर्रास ऐकतो आणि दोन्ही चुकीचे आहेत. स्प्रिंग बदलायचीच असते.

एक कारण मात्र रायफलीत नसून हातात असतं. या बोल्टची स्प्रिंग पुढे ढकलताना दाबली जाते, त्यामुळे शेवटी जोर लागतो. रात्री मचाणावर आवाज होऊ नये म्हणून माणूस हळूच बोल्ट लावतो आणि मूठ पुरती खाली जात नाही. मग पिनचा बराचसा जोर बोल्ट फिरवण्यातच संपतो. मूठ ठामपणे, अगदी खालपर्यंत न्या. तरीही जात नसेल तर चेंबरमध्ये कचरा अडकलाय का बघा.

बोल्ट कोणाचा, रायफल कोणाची

निवडणुकीच्या आचारसंहितेत हत्यारं पोलीस ठाण्यात जमा होतात आणि पुष्कळ दिवसांनी परत मिळतात. घरी दोन रायफली असतील तर साफसफाईतही बोल्ट अदलाबदल होऊ शकतात. बोल्टवरचा क्रमांक रायफलीवरच्या क्रमांकाशी जुळतो का, हे प्रत्येक वेळी पाहा. परका बोल्ट बसतो, चालतोही, पण रिम आणि बोल्ट यांच्यातली फट बदलते. फट जास्त झाली की काडतूस पुढे सरकतं आणि ठोका उथळ बसतो. त्याहून वाईट म्हणजे काडतुसाचं पितळ फाटू शकतं. ही फट गेजने मोजायची असते, डोळ्यांनी नाही.

काडतुसं ठेवण्याची जागा

जुन्या घरांत काडतुसं अजूनही कातडी पट्ट्यात खोचून खुंटीला टांगलेली दिसतात. कमावलेल्या कातड्यातल्या रसायनांनी आणि पावसाळी दमटपणाने पितळेला हिरवा कळंक चढतो. कातड्यातून काढून डब्यात ठेवा, डबा कोरड्या कपाटात कुलूपबंद, हत्यारापासून वेगळा. काडतुसांना तेलाचा हातही लावू नका. पातळ तेल प्रायमरच्या कडेने आत झिरपतं आणि आतलं मिश्रण निकामी करतं. कळंक बोटाने पुसला जात असेल तर ठीक. पितळेवर खड्डे पडले असतील तर ते काडतूस वापरू नका.

खराब काडतुसं विहिरीत टाकू नका, जमिनीत पुरू नका, चुलीत तर मुळीच नाही. परवान्यावर त्यांचा हिशोब असतो. दुकानदाराकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करून पोच घ्या.