झोपेत दात खाणं: पोरांचं वेगळं, आपलं वेगळं

रात्री पोरगं कर्रकर्र दात खायला लागलं की घरात एकच निदान होतं, पोटात जंत झालेत. आमच्याकडे आजीने लगेच वावडिंग काढलं. जंताची गोळी द्याच, शाळा-अंगणवाडीत जंतनाशक दिनाला देतात ती चुकवू नका, पण तिने दात खाणं थांबेल या भरवशावर राहू नका, जंतांमुळेच होतं असं काही सिद्ध झालेलं नाही.

दुधाचे दात पडून पक्के आले की बहुतेक पोरांचं आपोआप थांबतं. उठवून ओरडू नका, त्याला बिचाऱ्याला माहीतच नसतं. फक्त ५ मिनिटं शेजारी बसून ऐका, घोरतंय का, तोंडाने श्वास घेतंय का, श्वास मधेच अडकतोय का. तसं असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या, अॅडिनॉइड्स, म्हणजे नाकाच्या मागच्या गाठी, वाढलेल्या असू शकतात.

मोठ्यांचं मात्र आपोआप जाईल म्हणून सोडू नका. मला सकाळी कानशिलं दुखायची, थंड पाण्याने दातांत कळ यायची आणि एकदा दाढेचा टवका उडाला तर मी चिक्कीला शिव्या घातल्या. डेंटिस्टने आरसा दिला तेव्हा दिसलं, सुळ्यांची टोकं घासून सपाट आणि जिभेच्या कडेला दातांचे ठसे. घरी बघायचं असेल तर बोटं कानाच्या खाली गालावर ठेवा आणि दात आवळा, जो स्नायू टरारून वर येतो तो सकाळी उठल्याउठल्या दाबून बघा, दुखत असेल तर दाखवून या.

दिवसाही आपण दात आवळून बसतो, कामाचा मेल वाचताना तर हमखास. जेवताना आणि गिळताना सोडलं तर वरचे-खालचे दात टेकायचेच नसतात. "न" म्हणा आणि जीभ तिथेच ठेवा, ओठ मिटा, दात सुटे. मी लॅपटॉपच्या कोपऱ्यात टिकली चिकटवलीय, दिसली की "न".

संध्याकाळनंतरचा चहा-कॉफी, दारू, सिगरेट कमी करा. डिप्रेशनच्या काही गोळ्यांनीही हे वाढतं, पण मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर बसवायचा साचा, डेंटिस्टकडून मापाचाच करून घ्या, तो सवय मोडत नाही, दात वाचवतो. आणि गरम पाण्याने धुवू नका, माझा पहिला वाकडा झाला आणि परत माप द्यायला जावं लागलं.