विद्यापीठाच्या पहिल्या वर्षात रुळताना

शाळेत वेळ बांधून दिलेला असतो. कोणता तास केव्हा, गृहपाठ कधी तपासला जाणार, गैरहजर कोण, याची काळजी दुसरे कोणीतरी वाहते. विद्यापीठात आल्यावर ही सारी जबाबदारी एका दिवसात विद्यार्थ्याच्या अंगावर येते आणि तसे त्याला कोणी स्पष्टपणे सांगतही नाही. वेळापत्रकात दुपारनंतरचे रकाने कोरे दिसतात आणि तो वेळ मोकळा आहे असा समज होतो. वस्तुतः तो वाचनासाठी, टिपणांसाठी आणि प्रात्यक्षिकांच्या नोंदींसाठी धरलेला असतो. युरोपातील श्रेयांक (क्रेडिट) पद्धतीत पूर्ण वर्षाचे ६० श्रेयांक असतात आणि एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचे काम गृहीत धरतात, म्हणजे वर्षाकाठी दीड हजार ते अठराशे तास. वर्गात बसण्याचा वेळ हा त्यातला केवळ एक भाग. इतरत्र आकडे वेगळे असतील, पण हिशेबाची रीत हीच असते.

म्हणून पहिल्याच आठवड्यात एक काम करावे. प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम समोर घेऊन निबंध, चाचण्या, सादरीकरणे आणि परीक्षा यांच्या तारखा एकाच मोठ्या कागदावर उतरवाव्यात आणि तो कागद टेबलासमोर लावावा. वेगवेगळ्या वह्यांत विखुरलेल्या तारखा निरुपद्रवी वाटतात. एका कागदावर आल्या की सत्राच्या मध्यावर एकाच आठवड्यात तीन कामे येऊन पडली आहेत, हे स्पष्ट दिसते. अशा आठवड्यातील एक काम दहा दिवस आधी संपवायचे ठरवून ती अलीकडची तारीखही तिथेच लिहावी. विषय बदलण्याची अंतिम मुदत माहीत करून घेऊन तीही त्याच कागदावर नोंदवावी, कारण निवडलेला विषय आपल्याला झेपत नाही हे बहुधा ती उलटून गेल्यावर लक्षात येते.

अभ्यासाची जुनी सवय मात्र मुळापासून बदलावी लागते. टिपणे पुनःपुन्हा वाचली की मजकूर ओळखीचा होतो आणि ओळखीचे ते आठवेलच असे वाटू लागते. विस्मरण किती वेगाने होते हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवले होते. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा वाचायला दिला आणि दुसऱ्या गटाला तो न पाहता आठवून लिहायला सांगितला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना सुमारे ४२ टक्के मजकूर आठवला आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के. यातून घ्यायची रीत सोपी आहे. व्याख्यान संपल्यावर त्याच दिवशी वही मिटावी, कोरा कागद घ्यावा आणि आठवेल ते लिहावे. लेखणी जिथे अडेल तिथे खूण करावी आणि मगच वही उघडावी. ही पंधरा मिनिटे सुरुवातीला जड जातात, कारण आपल्याला काय येत नाही ते त्यांत उघडे पडते. पण परीक्षेच्या आदल्या रात्री उघडे पडण्यापेक्षा ते आज पडलेले बरे, शिवाय रात्रभर जागण्याची वेळही मग येत नाही.

त्या खुणा घेऊन प्राध्यापकांकडे जावे. पहिल्या वर्षाचे विद्यार्थी या दाराशी फार अडखळतात, आपला प्रश्न क्षुल्लक ठरेल या भीतीने. ‘हा धडाच कळला नाही’ असे म्हटले तर शिकवणाऱ्यालाही कुठून सुरुवात करावी ते समजत नाही. त्याऐवजी ‘तिसऱ्या पायरीपर्यंत मी स्वतः सोडवले, चौथ्या पायरीत हे पद कुठून आले ते कळले नाही’ असे सांगत वही पुढे केली, तर पाच मिनिटांत गाठ सुटते. पहिल्या चाचणीत अपेक्षेपेक्षा कमी गुण पडले, तर तपासलेली उत्तरपत्रिका घेऊन असेच जावे. गुण कुठे गेले हे कळल्याशिवाय जास्त तास अभ्यास करून फारसा उपयोग होत नाही.

एकटेपणाबद्दल मला विशेष कळकळीने लिहावेसे वाटते, कारण तो मुकाट्याने सोसला जातो. सगळ्यांना मित्र मिळाले, आपणच तेवढे बाहेर राहिलो, असे पहिल्या काही आठवड्यांत पुष्कळांना वाटते. वॉल्टन आणि कोहेन या मानसशास्त्रज्ञांच्या अमेरिकेतील २०११ च्या अभ्यासात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना एवढेच समजावून दिले होते की ही शंका सर्वांनाच येते आणि कालांतराने ओसरते. तेवढ्यानेही कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण, असे न समजावलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या तुलनेत, पुढील तीन वर्षांत सुधारले. मैत्रीला लागतो तो वेळ. कॅन्सस विद्यापीठातील जेफ्री हॉल यांच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ओळखीची साधी मैत्री होण्यास सुमारे ५० तासांचा सहवास लागतो आणि जिवलग मैत्रीला २०० तासांहून अधिक. तेव्हा दर आठवड्याला नवे ठिकाण धुंडाळण्यापेक्षा एखादे मंडळ, एखादा खेळ किंवा ग्रंथालयातले एखादे टेबल धरून तिथे ठरलेल्या वेळी नियमाने जावे. तीच तीच माणसे भेटत राहिली की बोलणे आपोआप वाढते. घरच्यांशी जरूर बोलावे, मात्र त्यासाठी वेळ ठरवून घ्यावी, म्हणजे प्रत्येक रिकामी संध्याकाळ फोनवरच सरत नाही.

झोप, जेवण आणि खर्च यांचा हिशेब आठवड्यातून एकदा पाहावा, एवढे पुरते. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ मन खिन्न राहिले, झोप उडाली, वर्गात जाणेच नकोसे झाले, तर तो आळस समजू नये आणि सत्र संपण्याची वाटही पाहू नये. विद्यापीठात समुपदेशक असतील तर त्यांची, नसतील तर डॉक्टरांची वेळ त्याच आठवड्यात घ्यावी; एकट्याने जाणे अवघड वाटत असेल, तर शेजारच्या खोलीतल्या विद्यार्थ्याला ‘माझ्यासोबत येशील का’ असे विचारावे.