लॅपटॉपची रॅम वाढवताना या चुका टाळा

सीताबर्डीतल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात येणारे बहुतेक जण "आठ जीबीची रॅम द्या" एवढेच सांगतात आणि डीडीआर३ हवी, ४ हवी की ५, असे विचारले की तोंडाकडे पाहत राहतात. आठ जीबी हे माप झाले, जात नव्हे; जात म्हणजे डीडीआरची पिढी.

जात चुकली तर निदान पट्टी बसत नाही, कारण प्रत्येक पिढीची खाच वेगळ्या जागी असते. डेस्कटॉपच्या डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही पट्ट्यांना २८८ पिना असल्या तरी त्यांची अदलाबदल होत नाही. अंगठ्याने रेटून बसवू पाहणाऱ्यांविषयी न लिहिलेलेच बरे.

खरी फसगत होते ती बसणाऱ्या पट्टीमुळे. गेल्या मे महिन्यात अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी इंटेलच्या चौथ्या पिढीच्या प्रोसेसरचा लॅपटॉप घेऊन आला. त्याने दुसरीकडून घेतलेली डीडीआर३ पट्टी नीट बसली होती, पण डिस्प्ले येत नव्हता. एका व्हिडिओत पाहून त्याने पट्टीचे सोनेरी टोक खोडरबराने दोनदा घासले, दहा वेळा काढघाल केली आणि त्यात स्लॉटची पत्र्याची पकड वाकवली. शेवटी तशीच दुसरी पट्टीही विकत आणली. "रॅम खराबच दिली ना काका त्यानं," हे त्याचे निदान. मी त्याची जुनी पट्टी ट्यूबलाइटखाली धरली, तर लेबलवर 'पीसी३एल' असे होते, आणि नव्या दोन्हींवर नुसते 'पीसी३'. दोन्ही प्रकारांना २०४ पिना आणि खाचही एकाच जागी, फरक व्होल्टेजचा. साधी डीडीआर३ १.५ व्होल्टवर चालते आणि हा प्रोसेसर १.३५ व्होल्टचीच पट्टी स्वीकारतो. 'एल'वाली बसवताच लॅपटॉप सुरू झाला. पकड सरळ करण्यातच काय तो वेळ गेला. 'एल'वाली पट्टी १.५ व्होल्टवरही चालत असल्याने शंका असेल तिथे मी तीच देतो, आणि जुनी पट्टी सोबत आणल्याशिवाय नवी देतच नाही. नव्या पट्टीला खोडरबर लावणे मला मुळीच पटत नाही.

उतावळ्यांची दुसरी तऱ्हा डीडीआर५ मध्ये दिसते. नवी पट्टी बसवल्यावर मदरबोर्ड पहिल्यांदा तिच्याशी वेळेचे गणित जुळवतो आणि त्यात काही मिनिटे पडदा काळाच राहू शकतो, पण लोक अर्ध्या मिनिटातच बटण दाबून संगणक बंद करतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला लावतात. मी अशा वेळी सरळ चहाला निघून जातो.

चार स्लॉटच्या बोर्डावर दोन पट्ट्या शेजारी-शेजारी लावू नयेत. बहुधा प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट योग्य असतो. सर्व्हरमधून निघालेली स्वस्त 'रजिस्टर्ड' रॅम घरगुती संगणकात चालत नाही. लॅपटॉप उघडल्यावर आधी बॅटरीचे कनेक्शन काढावे, मगच पट्टीला हात लावावा.