सुरूच्या सावलीत बसलेल्या बायका रंगवताना

फ्रेंच चित्रकार क्लोद मोने याने १८७० च्या उन्हाळ्यात फ्रान्समधील त्रूव्हिलच्या किनाऱ्यावर छत्र्या घेऊन बसलेल्या दोन स्त्रियांचे छोटेसे चित्र जागेवरच रंगवले, आणि त्या रंगात अडकलेले वाळूचे कण लंडनच्या नॅशनल गॅलरीतील त्या चित्रावर आजही आहेत. गुहागरच्या किनाऱ्यावर ठेवणीतल्या साड्या नेसून निवांत बसलेल्या बायका रंगवायच्या असतील, तर आधी हे चित्र नीट न्याहाळावे.

फूटभर लांबीचा कॅनव्हास पुरे. ऊन झपाट्याने सरकत असल्यामुळे सकाळचा तास-दीड तासच हाताशी धरावा. डोळे किलकिले करून प्रथम उजेडाचे आणि सावलीचे मोठे आकार मांडावेत. नाक-डोळे शेवटी, तेही जेमतेम सुचवावेत.

खरी कसोटी पांढऱ्या साडीची असते. सुरूखाली ती पांढरी दिसतच नाही. निऱ्यांच्या खोलगट भागात आकाशाचा निळा उतरतो, मांडीवर वाळूचा पिवळसर उजेड खालून चढतो, आणि शुद्ध पांढरा रंग केवळ खांद्यावर पडलेल्या उन्हाच्या कवडशालाच द्यावा लागतो. सावलीत काळा मिसळू नये; निळ्यात किंचित किरमिजी घालावा. जरीचा काठ रेखीव काढण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा, कारण पिवळ्याचे दोन तुटक फटकारे अधिक झळाळतात.

ईझलला, म्हणजे कॅनव्हास ठेवायच्या घोडीला, वाळूची पिशवी बांधावी. ओल्या रंगावर वाळू उडाल्यास ती पुसू नये. रंग पूर्ण वाळल्यावर मऊ ब्रशने हलकेच झटकावी.