जुन्या फिश टँकवरचे क्षाराचे डाग कसे काढायचे

नागपुरात वापरलेला फिश टँक विकत घेतला, की काचेच्या वरच्या भागात पांढरा पट्टा बहुधा असतोच. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, टँकमधलं पाणी झपाट्याने उडतं आणि तेवढीच भर बोअरच्या पाण्याने घातली जाते. पाणी उडून जातं, क्षार काचेवर बसतात. कुलरच्या गवतावर धरतो तोच हा थर, मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. तो आम्लात विरघळतो, म्हणून रगडण्याआधी भिजवायचं.

आधी खात्री करा. कोरड्या डागावर व्हिनेगरचा थेंब सोडा. बारीक बुडबुडे आले, तर डाग निघणार. काहीच झालं नाही आणि तासभर भिजवूनही नखाला खरखर लागत नसेल, तर बहुतेक काचच धूसर झालेली आहे. ती धुऊन साफ होत नाही. तरी असा टँक भाव कमी करून घ्यायला हरकत नाही, कारण पाणी भरल्यावर पाण्याखालचा धूसरपणा बराचसा झाकला जातो.

टँक रिकामा करून साध्या पाण्याने धुवा. वाळूचा एक कण जरी स्पंजात अडकला, तरी काचेवर कायमचा ओरखडा पडतो. मग जमिनीवर जाड चादर घालून टँक आडवा करा. डागाची काच खाली, सपाट आली पाहिजे. त्या काचेवर टिश्यू पेपर पसरा आणि साधं पांढरं व्हिनेगर पेपर पुरता भिजेल इतकं ओता. वर प्लास्टिकची पिशवी अंथरून अर्धा ते एक तास ठेवा. पंख्याखाली किंवा उन्हात ठेवू नका. व्हिनेगर सुकलं की काम थांबतं. एक बाजू झाली की टँक फिरवून दुसरी घ्या.

व्हिनेगरऐवजी किराणा दुकानातलं लिंबूसत्व चालतं. १ लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम पुरे. फक्त ते काचेवर सुकू देऊ नका, नाहीतर कॅल्शियमशी मिळून नवाच पांढरा पापुद्रा धरतो.

मऊ झालेला थर मऊ स्पंजने निघतो. उरलेल्या कडक पट्ट्यासाठी नवं दाढीचं ब्लेड होल्डरमध्ये घाला, काच ओली ठेवा आणि ब्लेड साधारण ३० अंशांत तिरपं धरून एकाच दिशेने सरकवा. कोपऱ्यातल्या सिलिकॉनपासून बोटभर अलीकडेच थांबा. व्हिनेगरने सिलिकॉन बिघडत नाही, पण ब्लेडचा एक काप गळतीला पुरतो. सांध्यालगत जुना टूथब्रश वापरा. टँक ॲक्रिलिकचा असेल तर ब्लेड लावूच नका. हिरवा घासणीचा स्क्रबर आणि तारेची घासणी काचेवरही नको.

संडासाचं ॲसिड, डिटर्जंट, काच पुसायचा स्प्रे, यांतलं काहीही आत जाऊ देऊ नका. यांचे अंश माशांना घातक ठरतात. आधीच्या मालकाकडे मासे आजारी पडून मेले असतील आणि ब्लीचने निर्जंतुक करायचं असेल, तर ते दुसऱ्या दिवशी, व्हिनेगर पूर्ण धुऊन काढल्यावरच. दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

शेवटी तीन-चार वेळा खळखळून धुवा आणि गळतीची चाचणी घ्या. २४ × १२ × १२ इंचांच्या टँकमध्ये सुमारे ५६ लिटर पाणी मावतं, म्हणजे ५६ किलो वजन. तेव्हा सपाट फरशीवर थर्माकोल घालून त्यावरच भरा. खालच्या कडेने वर्तमानपत्र लावून २४ तास ठेवा. कागद ओला झाला की नेमका कुठला सांधा गळतो ते कळतं.

मासे सोडल्यावर उडालेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्याने घाला, पण नेहमीचं पाणी बदलताना पूर्ण टँक आरओने भरू नका. माशांना थोडे क्षार लागतात. आरओच्या वेस्ट पाइपचं पाणी मात्र टँकमध्ये कधीच नको, त्यात क्षार मूळ पाण्याहून जास्त असतात.