राउटिंग टेबलमधली नावं येतात कुठून?

राउटिंग टेबल (कुठल्या पत्त्याकडचा डेटा कोणत्या वाटेने पाठवायचा याची यादी) बघायला 'राउट' कमांड दिली, दोन ओळी छापल्या गेल्या आणि स्क्रीन गप्प झाली, की नेटवर्क सपोर्टला नव्याने आलेल्यांना राउटिंगच बिघडल्यासारखं वाटतं. बहुतेक वेळा टेबल ठणठणीत असतं. अडलेलं असतं ते नाव शोधण्याचं काम.

लिनक्सचा कर्नल (सिस्टमचा गाभा) टेबलात फक्त आकडे, म्हणजे आयपी पत्ते, ठेवतो. 'राउट' किंवा 'नेटस्टॅट -आर' हे आकडे वाचतात आणि छापताना प्रत्येकाला नाव शोधू बघतात. ०.०.०.० ला सरळ 'डीफॉल्ट' म्हणतात. गेटवेसाठी (डेटा पुढे ज्या राउटरकडे द्यायचा त्याच्या पत्त्यासाठी) मात्र रिव्हर्स लुकअप, म्हणजे पत्त्यावरून नावाचा शोध, होतो: आधी मशीनवरची होस्ट्स फाइल, तिथे नसेल तर डीएनएस (नावं आणि पत्ते जुळवून देणारी सेवा). हा क्रम एनएसस्विच फाइलमधली 'होस्ट्स'ची ओळ ठरवते. १९२.१६८.१.१ साठी डीएनएसला विचारलं जातं ते १.१.१६८.१९२.इन-अ‍ॅडर.आर्पा या नावाचं पीटीआर रेकॉर्ड, म्हणजे पत्त्याचं नाव सांगणारी नोंद.

'असं नाव नाही' हे उत्तर लगेच आलं, तर आकडाच छापला जातो आणि काही बिघडत नाही. उत्तरच आलं नाही तर त्रास. रिझॉल्व्हर (मशीनवरचा डीएनएसला विचारणारा भाग) सहसा ५ सेकंद थांबतो आणि २ प्रयत्न करतो. म्हणजे एकच डीएनएस सर्व्हर असला तरी एका पत्त्यामागे १० सेकंद. डीफॉल्ट राउट (बाकी सगळ्या पत्त्यांसाठीची वाट) उडालेला असला की बाहेरच्या डीएनएसपर्यंत पोचताच येत नाही, आणि टेबल बघायची गरज नेमकी तेव्हाच असते! म्हणून पहिल्या दिवसापासून 'राउट -एन' आणि 'नेटस्टॅट -आरएन' हाताला लावून घ्या; त्यातला 'एन' नावं न शोधता आकडेच छापायला सांगतो. 'आयपी राउट' आपणहून आकडेच दाखवतो, नावं हवी असतील तर 'आयपी -आर राउट' म्हणावं लागतं. एखाद्या पत्त्यापर्यंतची वाट दाखवणाऱ्या ट्रेसराउटलाही '-एन' आहे. विंडोजच्या ट्रेसर्टमध्ये तेच काम '-डी' करतो.

दोन नावं हमखास गोंधळात टाकतात. १६९.२५४.०.० च्या जागी दिसणारं 'लिंक-लोकल' हे कुठलं मशीन नाही. ते नेटवर्क्स फाइलमधून येतं. (ही फाइल पत्त्यांच्या जुन्या ए, बी, सी वर्गांपुरतीच आहे, /२६ सारख्या सबनेटला, म्हणजे नेटवर्कच्या लहान तुकड्याला, तिच्यातून नाव देता येत नाही.) दुसरं '_गेटवे'. ते सिस्टमडीचं (लिनक्सवरच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचं) मायहोस्टनेम मॉड्यूल मशीनवरच देतं, त्यामुळे डीएनएस सर्व्हरवर ते शोधण्यात वेळ घालवू नका.

अडतंय कुठे हे बघायला दुसऱ्या टर्मिनलवर नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं 'टीसीपीडम्प -एन पोर्ट ५३' (५३ हे डीएनएसचं पोर्ट) चालू करा आणि मग नुसतं 'राउट' द्या. पीटीआरच्या क्वेरी कोणत्या सर्व्हरकडे जातात आणि कोणती अनुत्तरित राहते ते समोर दिसतं. इथला '-एन' विसरलात तर टीसीपीडम्प स्वतःच नावं विचारू लागतो आणि त्याच्या क्वेरी तुमच्या क्वेरींत मिसळतात.

तिकिटात (सपोर्टच्या तक्रार-नोंदीत) टेबल चिकटवताना आकड्यांचंच चिकटवा. पीटीआर रेकॉर्ड जुनं राहिलेलं असेल, तर काढून टाकलेल्या राउटरचं नाव नव्या राउटरच्या पत्त्यावर दिसतं, आणि पुढचा माणूस भलत्याच यंत्रावर लॉगिन करायला जातो.